गाडी चालते कुणाच्या भरवशावर?

नवापूरचं रेल्वे स्टेशन एका गोष्टीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा या स्टेशनातूनच जाते. तिकिटाची खिडकी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, तर स्टेशन मास्तरांची खोली गुजरातच्या तापी जिल्ह्यात. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग या राज्यात आणि अर्धा त्या राज्यात. लोक हौसेनं त्या बाकावर बसून फोटो काढतात.

पण या गमतीतली एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात उभ्या असलेल्या इंजिनाच्या चालकाला पुढे जायची परवानगी गुजरातेत बसलेल्या मास्तरांकडून मिळते. त्या मास्तरांना ती पुढच्या स्टेशनाशी बोलूनच द्यावी लागते आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा कंट्रोलर तर आणखी कितीतरी दूर, विभागाच्या मुख्यालयात बसलेला असतो. इंजिनात बसलेल्या माणसाला यांतलं कुणीही दिसत नाही. तरीही शेकडो प्रवासी मागे घेऊन तो निर्धास्त निघतो. गेली शंभर-सव्वाशे वर्षं हे असंच चाललं आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलेलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या जगभर चाललेली चालकाविना गाड्यांची चर्चा. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा शहरांत टॅक्सी येते, दार उघडतं, आपण बसतो आणि चालकाच्या जागेवर कुणीच नसताना गाडी चालू लागते. स्टीअरिंग आपलं आपण फिरतं. बघणाऱ्याला वाटतं, आता माणसाची गरज संपली! आणि मग हळूच बातमी येते, की ही गाडी अडली म्हणजे दूर कुठेतरी खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारते, ‘आता काय करू?’ ही बातमी ऐकून काही जण म्हणतात, म्हणजे सगळी फसवणूकच की! काही म्हणतात, त्यात काय एवढं? खरं काय ते समजून घ्यायचं तर थोडं इतिहासात जायला हवं.

माणूस लपवून यंत्राचा बडेजाव करण्याची परंपरा तशी जुनी आहे. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फोन केंपेलेन यानं बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक पुतळा सादर केला. तुर्की पोशाखातला हा पुतळा भल्याभल्यांना हरवत असे. त्यानं पुढे कित्येक वर्षं युरोप-अमेरिकेतल्या लोकांना थक्क केलं. खाली पेटीत एक पट्टीचा बुद्धिबळपटू दडून बसलेला असे, हे गुपित होतं. मोटारीच्या बाबतीतही असंच घडलं. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून एक रिकामी मोटार चालताना लोकांनी पाहिली. मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीतला माणूस रेडिओच्या लहरींनी तिला चालवत होता. तीही शेवटी दुसऱ्या एका गाडीवर जाऊन आदळलीच. म्हणजे जगातली गाजलेली पहिली ‘बिनचालकाची’ मोटार ही खरं तर दुरून चालवलेली मोटार होती.

आजच्या गाड्या मात्र तशा नाहीत, हे आधी स्पष्ट करायला हवं. कॅमेरे, रडार आणि लेझर किरणांनी अंतर मोजणारी यंत्रं यांच्या मदतीनं गाडी आजूबाजूचं चित्र स्वतः उभं करते आणि ब्रेक कधी दाबायचा, वळायचं कधी, हे तिच्यातला संगणक ठरवतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं वाळवंटात अशा गाड्यांची शर्यत ठेवली, तेव्हा एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. २००५ मध्ये पाच पोचल्या. २००९ मध्ये गूगलनं हे काम हाती घेतलं आणि त्यातूनच पुढे वेमो ही कंपनी निघाली. २०२० मध्ये तिनं फिनिक्समध्ये चालकाविना टॅक्सी सर्वसामान्यांसाठी खुली केली. हे सगळं अस्सल आहे. त्यात पेटीत दडलेला बुद्धिबळपटू नाही.

मग दूरचा माणूस काय करतो? आपल्याकडच्या ट्रकवरचा किन्नर आठवा. अरुंद जागेत ट्रक मागे घ्यायचा असला की किन्नर खाली उतरतो, मागे उभा राहतो आणि पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या... बस्स!’ असं सांगतो. स्टीअरिंग ड्रायव्हरच्याच हातात असतं, पण ड्रायव्हरला जे दिसत नाही ते किन्नर पाहतो. वेमोचं म्हणणं असं, की आमची दूरची माणसं ही अशी मदतनीस आहेत. रस्त्यात खोदकाम चाललं आहे, पोलीस हातानं इशारा करतो आहे, समोरचा ट्रक थांबला आहे की नुसता रेंगाळला आहे हे कळत नाही, अशा वेळी गाडी प्रश्न विचारते. माणूस कॅमेऱ्यातून बघतो आणि उत्तर देतो, नाहीतर वाट सुचवतो. ती वाट धरायची की नाही, हे शेवटी गाडीच ठरवते.

आता मुख्य प्रश्न. अशी मदत किती लागते? इथे आकडे ऐकताना सावध राहायला हवं, कारण मोजण्याच्या तऱ्हा निराळ्या आहेत. जनरल मोटर्सच्या क्रूझ या कंपनीचं उदाहरण घेऊ. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं बातमी दिली, की क्रूझच्या गाड्यांना दर अडीच ते पाच मैलांमागे, म्हणजे साधारण चार ते आठ किलोमीटरमागे, दूरच्या कर्मचाऱ्यांची मदत घ्यावी लागते. कंपनीच्या प्रमुखांनी मग खुलासा केला, की गजबजलेल्या शहरात सरासरी दोन ते चार टक्के वेळच ही मदत चालू असते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात! तासाभराच्या प्रवासात दोन ते चार टक्के म्हणजे जेमतेम सव्वा ते अडीच मिनिटं. ऐकायला काहीच नाही. पण चाळीस किलोमीटरच्या प्रवासात पाच ते दहा वेळा विचारणा, असं म्हटलं की तोच कारभार वेगळा दिसू लागतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे माणसं मोजण्याची. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या त्याच बातमीनुसार क्रूझकडे दर गाडीमागे सरासरी दीड कर्मचारी होता. यात केवळ मदतनीसच नव्हे, तर देखभालीची इतर माणसंही धरलेली होती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्यक्ष मदतनीस पंधरा-वीस गाड्यांमागे एक असा होता. वेमोनं २०२६ च्या सुरुवातीला अमेरिकी संसदेच्या एका सदस्याला कळवलं, की सुमारे तीन हजार गाड्यांसाठी एका वेळी सुमारे सत्तर मदतनीस कामावर असतात. म्हणजे साधारण त्रेचाळीस गाड्यांमागे एक माणूस. पूर्वी त्रेचाळीस टॅक्सींना त्रेचाळीस चालक लागत होते, हे लक्षात घेतलं तर ही बचत मोठी आहे. माणूस संपला मात्र नाही. तो गाडीतून उठून खुर्चीवर गेला.

आणि ही खुर्ची कुठे आहे? २०२६ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर वेमोच्या सुरक्षा प्रमुखांनी मान्य केलं, की यांतले काही मदतनीस फिलिपिन्समध्ये बसतात. झालं, एकच गदारोळ उठला. ज्या माणसाकडे अमेरिकेतलं लायसन्स नाही, ज्यानं तो रस्ता कधी पाहिलेला नाही, तो आमच्या गाडीला वाट कशी दाखवणार? प्रश्न रास्त आहे. पण इथेच नवापूरच्या स्टेशनाकडे पुन्हा बघावंसं वाटतं. मास्तर कोणत्या राज्यात बसतात याला रेल्वेत महत्त्व नाही. त्यांनी कोणत्या नियमानं परवानगी दिली आणि ती कुठे नोंदली, याला महत्त्व आहे. ही शिस्त रेल्वेला एका दिवसात लाभलेली नाही, तिची किंमत माणसांच्या जिवांनी चुकवलेली आहे.

सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून खानदेशात येणारा आपला हा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. ताप्ती व्हॅली रेल्वे या नावाच्या कंपनीनं तो बांधला. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावं एका रुळानं जोडली गेली. एका रुळानं हे शब्द मुद्दाम वापरले, कारण हा मार्ग बहुतांश एकेरीच होता. उधना ते जळगाव या पट्ट्याचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन त्याचं लोकार्पण झालं ते थेट २०१९ च्या फेब्रुवारीत.

एकेरी मार्ग म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. दोन बाजूंनी येणाऱ्या गाड्यांना एकच रूळ. मोटारीसारखं बाजूला घेता येत नाही, समोरची गाडी दिसल्यावर ब्रेक लावून उपयोग नाही, कारण भरधाव आगगाडी थांबायला कित्येकशे मीटर लागतात. म्हणजे चालक कितीही तरबेज असला, डोळ्यांत तेल घालून बसला, तरी केवळ स्वतःच्या नजरेवर तो गाडी सुरक्षित नेऊ शकत नाही. त्याला दूरच्या माणसाचा शब्द लागतोच. सुरुवातीला हा शब्द तारेनं जायचा. पुढचा मास्तर ‘लाइन क्लिअर’ देई, मग मागचा मास्तर गाडी सोडी. दोन स्टेशनांच्या मधल्या टापूत एका वेळी एकच गाडी, हा सारा पाया. आयर्लंडमधल्या आर्माजवळ १२ जून १८८९ रोजी सहलीला निघालेल्या गाडीला अपघात होऊन सुमारे ऐंशी माणसं मेली, त्यात मुलं पुष्कळ. त्यानंतरच ब्रिटनच्या संसदेनं हा नियम कायद्यानं सक्तीचा केला. तोवर कंपन्या खर्चाचं कारण सांगून टाळाटाळ करत होत्या.

नुसता शब्द पुरेसा नाही, हेही रेल्वेनं ओळखलं. शब्द ऐकण्यात चूक होते, माणूस विसरतो. म्हणून टोकनची यंत्रं आली. भारतात एकेरी मार्गांवर नील्स बॉल टोकन हे यंत्र फार चाललं. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेनं जोडलेली. पुढच्या मास्तरानं संमती दिल्याशिवाय मागच्या मास्तराच्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेर पडत नसे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कुठल्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. तो गोळा हातात असल्याशिवाय चालकानं पुढे जायचं नाही. न थांबणाऱ्या गाडीसाठी वेताच्या मोठ्या कड्याला पिशवी लावून त्यात हा गोळा ठेवत आणि धावत्या इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते कडं झेलत असे. पूर्वी खेड्यातल्या स्टेशनावर मुलं हा खेळ बघायला जमत. खेळ वाटला तरी तो दूरच्या माणसाच्या संमतीचा पुरावा होता, वस्तूच्या रूपात चालकाच्या हाती दिलेला.

‘प्रायव्हेट नंबर’ची पद्धतही अशीच. रेल्वे फाटकाजवळचा गेटमन फोनवर मास्तरांना ‘फाटक बंद केलं’ एवढं सांगून मोकळा होत नाही. त्याच्याकडच्या छापील तक्त्यातला एक आकडा तो सांगतो, मास्तर तो लिहून घेतात, आणि एकदा वापरलेला आकडा खोडला जातो. उद्या काही घडलं, तर कोणी, कधी, काय सांगितलं याचा माग लागतो. मुख्यालयातला कंट्रोलर दिवसभराच्या गाड्यांचा आलेख ठेवतो, तोही चौकशीत पुरावा ठरतो. सारांश असा, की रेल्वेनं दूरच्या माणसाला कधी लपवलं नाही. त्याला हुद्दा दिला, नियमांचं पुस्तक दिलं, कामाचे तास ठरवून दिले आणि वहीत त्याची सही घेतली.

इतकं करूनही चुका होतात. स्वयंचलित व्यवस्था बंद पडून कारभार अचानक माणसाच्या हाती येतो, तेव्हा तर हमखास. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणी स्टेशनाजवळ हेच झालं. पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडले होते. अशा वेळी मास्तर चालकाला लाल सिग्नल ओलांडण्याची लेखी परवानगी देतात. कांचनजंगा एक्स्प्रेसला ती मिळाली, मागून येणाऱ्या मालगाडीलाही मिळाली आणि मालगाडी एक्स्प्रेसवर जाऊन आदळली. मालगाडीच्या चालकासह अनेकांचे प्राण गेले. त्याच दिवशी चालकानं सिग्नल मानला नाही, असं सांगण्यात आलं. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही! पण पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं, की परवानगीच्या कागदावर वेगाचा उल्लेखच नव्हता, प्रशिक्षण अपुरं होतं आणि त्या सकाळी इतर चालकांनीही नियमाचा अर्थ आपापल्या परीनं लावला होता. कागद होता, नोंद होती, स्वतंत्र चौकशी करणारा अधिकारी होता, म्हणून त्या चालकावरचा ठपका तरी तसाच राहिला नाही.

आता मोटारींकडे वळू. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेंपी गावात उबर कंपनीच्या प्रायोगिक गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. गाडी स्वतःहून चालली होती, पण देखरेखीला आत एक कर्मचारी बसलेली होती. फौजदारी खटला झाला तो त्या कर्मचारी महिलेवर. २०२३ मध्ये तिनं गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी खटला भरला गेला नाही. गाडी नीट चालली की श्रेय यंत्राचं, आणि धडकली की दोष जवळच्या माणसाचा, हा न्याय नवा नाही. पण आता तो माणूस दुसऱ्या देशात, पडद्यापलीकडे असणार आहे. दोष कोणाच्या पदरात पडेल आणि त्याची बाजू कोण मांडेल?

दुसरी गोष्ट २ ऑक्टोबर २०२३ ची, सॅन फ्रान्सिस्कोमधली. माणूस चालवत असलेल्या एका मोटारीनं एका महिलेला उडवलं आणि ती क्रूझच्या चालकाविना गाडीसमोर येऊन पडली. धडकेनंतर गाडी थांबली खरी, पण आपल्याखाली माणूस अडकलं आहे हे तिला उमगलं नाही. अपघात झाला तर रस्त्याच्या कडेला जायचं, हा धडा तिला शिकवलेला. त्याप्रमाणे ती निघाली आणि त्या बाईला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. यातून एक मूलभूत गोष्ट कळते. दूरच्या माणसाची मदत तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा आपल्याला कळत नाही एवढं तरी यंत्राला कळतं. कॅलिफोर्निया राज्यानं क्रूझचा परवाना स्थगित केला तो या अपघातानंतर. कंपनीनं फरफटीची माहिती पुरती दिली नाही, हाही आक्षेप त्यात होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सनं हा टॅक्सीचा उद्योगच गुंडाळला.

तिसरी गोष्ट ताजी. २० डिसेंबर २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या गाड्या ठिकठिकाणी चौकांत अडकून राहिल्या. बंद सिग्नलचा चौक कसा पार करायचा हे गाड्यांना ठाऊक होतं. पण खात्रीसाठी त्या मदतनिसांना विचारत होत्या, आणि एकाच वेळी इतक्या गाड्यांनी विचारलं की उत्तरांना उशीर झाला. म्हणजे त्रेचाळीस गाड्यांमागे एक माणूस हा हिशेब रोजच्या दिवसाचा. सगळ्यांवर एकदम वेळ आली की तो कोलमडतो. आणि संकटं तर अशी सगळ्यांवर एकदमच येतात.

आपल्याकडे ही गाडी कधी येईल? २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं होतं, की चालकांच्या पोटावर पाय येईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. रुळांवर मात्र दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी सुरू झाली. तिचाही नियंत्रण कक्ष आहे आणि त्यात माणसं आहेत. रस्त्याची गोष्ट निराळी. धडगावच्या वाटेवर चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की अनुभवी ड्रायव्हरही खाली उतरून अंदाज घेतो. सातपुड्याच्या दऱ्यांत कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. तिथे गाडीनं प्रश्न विचारायचा म्हटला तरी तो पोचायचा कसा?

पण गाडी येवो न येवो, तिच्यामागची खुर्ची आपल्याकडे आधी येण्याचा संभव आहे. दुसऱ्या देशांतल्या फोनला उत्तरं देण्याचं काम आपल्या तरुणांनी पंचवीस वर्षं केलं. उद्या दुसऱ्या देशांतल्या मोटारींना वाट दाखवण्याचं कामही इथे आलं तर नवल नाही. ते काम हलकं नाही. परक्या शहराच्या चौकात काय चाललं आहे हे काही सेकंदांत ओळखायचं, आणि ते चुकलं तर तिथे कुणाचा तरी जीव जायचा.

म्हणून ‘मदत किती लागते’ एवढंच विचारून भागणार नाही. एका माणसाच्या वाट्याला एका वेळी किती गाड्या द्यायच्या आणि त्यानं सलग किती तास बसायचं, हे कोण ठरवणार? त्यानं काय सांगितलं याची नोंद कुठे राहणार आणि ती तपासण्याचा हक्क कंपनीबाहेरच्या कुणाला असणार? आणि अपघात झाला तर जबाबदार कोण, त्या खुर्चीवरचा माणूस, की त्याला तिथे बसवणारी कंपनी? रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकात या प्रश्नांची उत्तरं पानोपानी आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी कुठल्या ना कुठल्या अपघातानंतर लिहिली गेली आहेत. मोटारींसाठी तसं पुस्तक लिहिण्याची वेळ आता आली आहे. ते अपघातांची वाट न पाहता लिहिलं गेलं, तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव कारणी लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)